टिटवीचं वावर

माझ्याकडे एकाच वावराचे पुष्कळ फोटो आहेत. लातूर जिल्ह्यात, चाकूरपासून थोडं आत, बांधावरच्या एका बाभळीखाली उभं राहून मी ते वेगवेगळ्या ऋतूंत काढले. वावर म्हणजे शेत, हा शब्दही मी तिकडेच शिकले. नांदेड-लातूरकडची जमीन वर्षभरात कशी बदलत जाते ते बघायचं, एवढंच ठरवून गेले होते. माणसांचे फोटो काढायचे नाहीत, हेही ठरवलं होतं. माणसांना आधी विचारावं लागतं आणि विचारणं मला जमत नाही.

पण या फोटोंचा विषय निघाला की मी सांगायला लागते ते चार अंड्यांबद्दल. टिटवीची अंडी, भर उन्हाळ्यात उघड्या मातीवर घातलेली, आणि त्याच मातीत पेरणी व्हायची होती. त्यांतून पिल्लं निघतात की नाही, यात माझा जीव अडकून राहिला होता. ती अंडी मला कुणी दाखवली, हे सांगायचं तर थंडीपासून सुरुवात करायला हवी.

चाकूर, डिसेंबर

मी सकाळी एसटीतून उतरले तेव्हा चाकूर बंद होतं. दुकानांची शटरं खाली, चहाची टपरीसुद्धा बंद. काहीतरी दंगल झाली असावी असं वाटून मी परतीची गाडी शोधायला लागले. तेवढ्यात रस्त्यानं ट्रॅक्टर, मोटारसायकली, एखाददुसरी बैलगाडी दिसायला लागली. सगळ्या गावाबाहेर चाललेल्या. बायकांच्या मांडीवर झाकलेली भांडी, लहान मुलांच्या अंगात नवे कपडे. त्या दिवशी वेळा अमावस्या होती. तिकडे तिला येळवस म्हणतात, आणि त्या दिवशी गावंच्या गावं घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातात. ठाण्यात वाढलेल्या मला याचा पत्ताही नव्हता.

मी त्यांच्या मागून चालत निघाले. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा, त्याच्यामागे माझ्या खांद्याएवढी ज्वारी, मधूनच तुरीचे पट्टे. हरभऱ्याच्या पानापानावर दव होतं. ऊन तिरपं पडलं की सगळं रान पांढरं दिसायचं आणि धुक्याचा एक पदर सरकला की पुन्हा हिरवं व्हायचं. एवढी मोठी जमीन क्षणाक्षणाला रंग बदलते हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी बांधावर गुडघे टेकून बसले आणि कॅमेरा काढला.

"ओ बाई! काय हरवलंय?"

मागे पन्नाशीची एक बाई उभी होती. डोक्यावर शालीत गुंडाळलेलं मडकं. तिच्यामागे टोपी घातलेला नवरा आणि पाट्या उचललेला तरुण मुलगा.

"काही नाही. फोटो काढतेय."

"कशाचा?"

"हरभऱ्याचा."

ती नवऱ्याकडे वळली. "आवं, हरभऱ्याचा फोटो काढायली मनं."

"काढू दे की," तो म्हणाला. "हरभऱ्याचा तरी निघू दे. आपला कोन काढतंय?"

"चल जेवायला," ती मला म्हणाली.

मी खाऊन आलेय, असं मी सांगितलं.

"कुठं खाल्लंस? अख्खं चाकूर बंद हाय."

मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि तिच्यामागून निघाले. गयाबाई माझ्या आयुष्यात आल्या त्या अशा. नवऱ्याचं नाव ज्ञानोबा, मुलाचं बालाजी.

वावराच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्यांनी खोप केली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. त्यांची पूजा झाली आणि सगळे मातीतच पंगत धरून बसले. बाजरीला तिकडे सजगुरा म्हणतात. तिचे वाफवलेले उंडे, त्यावर भज्जी. भज्जी म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि हाताला येईल ती भाजी बेसनात शिजवलेली. मग गव्हाची खीर, आणि मडक्यातली आंबील, गार, आंबट, मिरचीचा ठसका असलेली. आमच्याकडे कुणाला जेवायला बोलवायचं तर आठवडाभर आधी मेसेज जातो, कोण काय खात नाही ते विचारलं जातं. इथे बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक जात होती आणि तो येऊन बसत होता. त्यालाही बहुधा पुढच्या बांधावर पुन्हा जेवायचं होतं.

"नाव काय तुझं?"

मी सांगितलं.

"आडनाव?"

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. हा प्रश्न आला की मी नेहमी असंच काहीतरी करते. गयाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. ताटात आणखी एक उंडा टाकला.

जेवणानंतर बालाजीनं पाण्यात कालवलेली आंबील पिकावर शिंपडत वावराला फेरी घातली. तोंडानं कानडी वळणाची एक आरोळी. शेजारच्या वावरातून तशीच आरोळी, त्याच्या पलीकडून आणखी एक. पार क्षितिजापर्यंत माणसं आपापल्या जमिनीभोवती फिरत होती. मी बाभळीखाली उभी राहून ते ऐकत होते. वारा यावा तसा तो आवाज रानातून सरकत होता.

"माणसं सोडून माती कामून काढायलीस?" गयाबाईंनी विचारलं.

मी कॅमेऱ्यातला हरभऱ्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "मंग उन्हाळ्यात ये. आमच्या वावरात टिटवी अंडी घालती. दरसाल घालती. ती दावते तुला. डोळ्यापुढं असून दिसत न्हाईत."

मुदखेड आणि उमरी, मार्च

मुदखेडला माझी आत्या राहते, विहाराच्या मागच्या गल्लीत. रेल्वे जंक्शनचं गाव आणि भोवती फुलांची शेतं. काकडा म्हणजे मोगऱ्यासारखं पांढरं फूल. ते कळी असतानाच तोडावं लागतं, म्हणून उजाडायच्या आत बायका रानात शिरतात. मी गेले तेव्हा ओळीनं वाकलेल्या पाठी आणि त्यांच्यापुढे सरकणारा पांढरा रंग एवढंच दिसत होतं. सूर्य वर येईतो कळ्यांच्या टोपल्या रस्त्यावर पोचल्याही होत्या.

उमरीच्या बाजूला हळद निघाली होती. आत्याच्या ओळखीच्या एका शेतात ती शिजवायचं काम चाललं होतं. लोखंडी पिंपांसारख्या मोठ्या कुकरमध्ये हळकुंडं भरायची, खाली जाळ, आणि झाकण काढलं की वाफेचा डोंगर उठायचा. मागची केळी, माणसं, आकाश, सगळं त्यात नाहीसं व्हायचं आणि मग हळूहळू एकेक परत यायचं, आधी लाल लुगडं, मग बैलाचं शिंग, मग केळीचं पान. वास इतका दाट होता की तो श्वासाबरोबर पोटात गेल्यासारखा वाटला. शिजलेली हळद जमिनीवर पसरली होती. कुत्र्याचे पाय पिवळे, बांधावरचा दगड पिवळा. मी वाफेत शिरून फोटो काढले आणि बाहेर आले तर माझे हात, ओढणी, कॅमेऱ्याचा पट्टा, सगळं पिवळं.

हळदीचे गड्डे तोडत बसलेल्या बायका हसायला लागल्या.

"हळद तर लागली की गं तुला," एक म्हणाली. "नवरा कुठंय?"

"मागून यायलाय," दुसरी म्हणाली. "फोटो काढत काढत."

मीही हसले. काहीतरी बोलायला हवं होतं, ते मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं.

संध्याकाळी परतताना डोक्यावरून टिटवी ओरडत गेली. माझी आई टिटवी ओरडली की अजूनही "वाईट वेळ" म्हणते. मी आत्याला गयाबाईंचं आमंत्रण सांगितलं. मे महिन्यात मी त्यांच्याकडे चार दिवस राहायचं म्हणते हेही सांगितलं.

"ओळख ना पाळख. नंबर हाय का?"

नंबर होता. आत्यानं लगेच लावला. पहिल्या दोन वाक्यांत तिनं आमचं आडनाव, गाव, समाज, माझे वडील काय करतात, सगळं सांगून टाकलं. डिसेंबरात मी जे पाण्याबरोबर गिळलं होतं ते सगळं. मी भिंतीकडे बघत उभी राहिले.

पलीकडून गयाबाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "बरं बरं. पोरगी भाकरी खाती का तिला भात लागतो?"

त्यानंतर त्या दोघी इतका वेळ बोलल्या की माझा चहा गार झाला.

चाकूर, मे

डिसेंबरातलं ते वावर मी ओळखलंच नाही. बाभूळ नसती तर पुढे निघून गेले असते. पीक निघालेलं, नांगरट झालेली, जमीन काळीशार. मोकळ्या कडेला भेगा पडलेल्या, हात जाईल एवढ्या. वर आकाश पांढरं. उन्हाला आवाज असतो असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं.

"ती बघ," गयाबाई हनुवटीनं दाखवत म्हणाल्या.

टिटवी दिसली. पिवळे लांब पाय, डोळ्यापुढं लाल कातडं. आम्ही जवळ जाताच ती ओरडत उठली, लांब जाऊन खाली बसल्याचं नाटक करू लागली. पण अंडी दिसेनात. "पाऊल टाकू नको," गयाबाईंनी माझा दंड धरला. "तुझ्या म्होरं हायत."

मी मातीकडे बघत राहिले. ढेकळं, काड्या, खडे. आणि मग अचानक ढेकळांतली चार ढेकळं अंडी झाली. मातकट, काळे शिंतोडे असलेली, टोकं आत जुळवून ठेवलेली. खाली गवत नाही, पिसं नाही, नुसता उथळ खळगा. एवढ्या उघड्या जगात चार जीव असे ठेवून देणं, आणि ते असूनही नसल्यासारखे.

"चार हायत. चार महिने पानी," गयाबाई म्हणाल्या. "आन उंचवट्यावर घातलीत. मंजे लई पडनार."

"गेल्या साली बी उंचावरच व्हती," ज्ञानोबाकाका मागून म्हणाले. "काय पडलं?"

"गेल्या साली तुमी बघाया आलतात का? मी सांगितलं तेवढंच ना?"

"तू सांगितलंस मनूनच न्हाई पडलं."

मी दिवसभर बाभळीखाली बसले, अंड्यांपासून बरीच लांब, मोठी लेन्स लावून. लांब असले तरच ती परत येते हे मला कळत होतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती अंड्यांवर बसली नाही, वर उभी राहिली, पंख किंचित सैल करून. स्वतःच्या सावलीत अंडी ठेवून. चोच उघडी, गळा धापत होता. जोडीदार आला की ही जायची आणि तो उभा राहायचा. तासन्‌तास.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात आले तर खळग्याच्या जागी डालगं. डालगं म्हणजे कोंबडी आणि पिल्लं झाकायची बांबूची मोठी टोपली. तिच्यावर दगड ठेवलेला. टिटवी भोवती ओरडत धावत होती.

गयाबाई वावरात धसकटं वेचत होत्या, मागच्या पिकाचे उरलेले बुडखे. "बघितलंस का?" त्या खुशीत म्हणाल्या. "कावळं, कुत्री, ऊन, सगळ्याचं काम भागलं. खालून फट बी ठेवलीय तिला जायला. कोंबडी जाती की तशी."

मी "हो" म्हणाले आणि बाभळीखाली जाऊन बसले.

ऊन चढत गेलं. लेन्समधून मला सगळं दिसत होतं. ती फटीपर्यंत यायची, मान खाली घालायची, मागे पळायची. पुन्हा यायची, पुन्हा पळायची. चारी बाजूंचं आकाश दिसल्याशिवाय न बसणारा पक्षी छपराखाली कसा शिरेल? मला खात्री नव्हती. पक्ष्यांच्या पुस्तकात डालग्याबद्दल काही नसतं. पण काल याच वेळेला ती अंड्यांवर उभी होती आणि आज डालग्याच्या विणीतून ऊन आत पडत होतं. आत काय होत असेल ते मला दिसत नव्हतं.

मी उठले. गयाबाईंपर्यंतचं अंतर फार वाटलं.

"काकू."

"काय गं?"

"ती आत जात नाहीये."

"जाईल की."

"सकाळपासून गेली नाही."

त्यांनी हातातली धसकटं खाली टाकली. आता त्या हसत नव्हत्या. "तुला आमच्या वावरातलं पाखरू आमच्यापरीस जास्त कळतंय व्हय?"

"कळत नाही, काकू. पण दिसतंय. तुम्ही येऊन बघता का?"

हे मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पलीकडच्या बांधावर ज्ञानोबाकाकांनी मान वर केली.

त्या आल्या. कॅमेऱ्याला डोळा लावला, दुसरा डोळा मिटेना म्हणून पदरानं झाकला. पहिल्यांदा त्यांना काहीच दिसलं नाही, मग दिसलं. बराच वेळ तशाच वाकून उभ्या होत्या.

"जायाचं हाय तिला," शेवटी म्हणाल्या. "जायाचं हाय, पन जाववंना."

त्या ताडताड चालत गेल्या, दगड फेकला, डालगं उचलून काखेत मारलं. "घे बाई," टिटवीला म्हणाल्या. "मला वाटलं, सावली करावी."

मग आम्ही दोघी बाभळीखाली बसलो. टिटवी आली नाही. लांब बांधावर नुसती उभी. अंडी आता पूर्ण उन्हात. गयाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"उशीर केला का मी?" त्यांनी विचारलं. मी लेन्स पुन्हा अंड्यांकडे वळवली.

टिटवी उडाली. बोअरजवळ जनावरांसाठी हौद आहे, तो गळतो, त्याच्याखाली थोडं पाणी साचतं. ती त्या पाण्यात उतरली, पोट टेकवून बसली, हलली, उठली आणि सरळ आमच्या समोरून उडत येऊन अंड्यांजवळ उतरली. मी कॅमेरा गयाबाईंकडे सरकवला. त्यांनी पदर डोळ्यावर धरला.

"आगं माय," त्या कुजबुजल्या. "पोट वलं हाय तिचं. पानी आनलं की गं हिनं. अंगावर पानी आनलं लेकराला."

टिटवीनं ओली पिसं फुलवली आणि अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं उठली, हौदाकडे गेली, पुन्हा आली. आम्ही पाळीपाळीनं बघत होतो. गयाबाई याच वावरात नांदायला आल्या होत्या, दरवर्षी ही अंडी बघत होत्या, पण लांब बसून इतकं जवळून त्यांना कधी दिसलं नव्हतं. आणि मी त्यांच्याशिवाय त्या अंड्यांवर पाय देऊन पुढे गेले असते. त्या दुपारी मला जे वाटलं त्याला धर्माचं काही नाव देता येणार नाही, पण विहारात शांत बसल्यावर कधी कधी तसं वाटतं.

अंडी वाचली की नाही, हे मात्र कवचाकडे बघून कळत नाही. मी ठाण्याला परतले ते हा प्रश्न घेऊनच.

चाकूर, जून

मृग सरत आला तेव्हा बालाजीच्या फोनवरून गयाबाई बोलल्या. "पानी झालंय. उद्या पेरनी. ती अजून बसूनच हाय. येतीस का?"

मी पोचले तेव्हा वावर पुन्हा नवीन झालं होतं. काळी माती फुगून मऊ, भेगा मिटलेल्या, बांधावर हिरवी लव. पेरायला योग्य अशी ओल जमिनीत असते तिला वाफसा म्हणतात. तो फार टिकत नाही. पुन्हा पाऊस आला तर चिखल, नाही आला तर कोरडं. गावात पेरणीयंत्राचा ट्रॅक्टर एक, चालवणारे शादुलभाई एक, आणि त्यांच्यामागे सगळं गाव. पश्चिमेला ढग जमत होते.

"ताई, तुमीच समजवा मायला," बालाजी वैतागला होता. "मनती, टिटवीभवती बेट सोडा. पेरनीची चार तासं पडीक ठेवायची व्हय? आन शादुलभाई दुपारी दुसऱ्या गावाला चाललेत."

"बापजाद्यानं कधी अंड्यावरनं तिफन न्हेली न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "बैलं थांबायची, तिफन उचलायची, पलीकडं ठेवायची."

"माय, ट्रॅक्टर हाय हा. उचलून काखेत मारायला डालगं न्हाई."

"डालग्याचं नाव काढू नको."

शादुलभाई सीटवर बसून हे ऐकत होते. "काकी, झगडा नको करू," ते म्हणाले. "मी चाकं दोनी बाजूनं काढतो. अंडे मधी. यंत्र वर उचलतो. दोन घास जमीन ऱ्हाईल, तेवढीच. पर मला अंडे दिसायले नाहीत इथनं. निशानी लावा काहीतरी."

निशाणी लावायची तर अंड्यांजवळ. कापड फडफडलं तर ती उठणार, काठी रोवली तर कावळे येणार. बालाजी अंदाजानं बोट दाखवत होता आणि ते बोट मला चुकीचं दिसत होतं. इतके दिवस लेन्समधून बघून ती जागा मला डोळे मिटूनही दाखवता आली असती.

"मी उभी राहते," मी म्हणाले.

"अंड्यापाशी?"

"नाही. पलीकडच्या बांधावर, अंड्यांच्या सरळ रेषेत. हात वर करून. शादुलभाईंनी माझ्या हाताकडे बघत सरळ यायचं. अंडी बरोबर मधे येतील. काकू या टोकाला राहतील, म्हणजे सुरुवात नीट होईल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एरवी अशा वेळी मी वाक्य अर्धंच सोडते.

"आन तू वाकडी उभी ऱ्हाईलीस तर?" ज्ञानोबाकाकांनी विचारलं.

"फोटो सरळ काढतेय की ती इतके दिवस," गयाबाई म्हणाल्या. "चल गं."

मी बांधावर गेले. डावीकडे सरकले, मग थोडी उजवीकडे, टिटवीचं डोकं आणि गयाबाईंचं लुगडं एका ओळीत येईपर्यंत. हात वर केला. शेजारच्या वावरातली माणसं काम सोडून बघत होती. एवढ्या लोकांनी माझ्याकडे एका वेळी कधी पाहिलं नसेल.

ट्रॅक्टर निघाला. लांबून तो लहान दिसत होता, मग मोठा व्हायला लागला. त्याचा आवाज आधी पायांना जाणवला. टिटवी बसूनच. तो जवळ येत गेला आणि ती उठली. मला वाटलं, उडेल. ती उडाली नाही. ट्रॅक्टरकडे तोंड करून तिनं दोन्ही पंख पूर्ण उघडले आणि त्या अवाढव्य लोखंडावर ओरडत उभी राहिली. माझ्या ओंजळीत मावली असती. पंखांचा पांढरा पट्टा चमकत होता. मला हात खाली घेता येत नव्हता. कॅमेरा गळ्यात लटकत होता.

पुढची चाकं तिच्या दोन्ही बाजूंनी आली आणि ती दिसेनाशी झाली. यंत्र वर उचललं गेलं. पुढचं मला दिसलं नाही, मधे ट्रॅक्टर होता. शादुलभाई मागे वळून बघत होते. मग यंत्र पुन्हा खाली टेकलं आणि तास पडायला लागलं.

"हाय का?" मी ओरडले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

पलीकडच्या टोकाहून गयाबाईंनी दोन्ही हात वर केले. "हाय! बसली बी!"

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा टिटवी खळग्यापासून थोडी दूर बसली होती. मी लेन्समधून पाहिलं आणि क्षणभर कळेना. तिला फार पाय होते. तिचे दोन पिवळे, आणि पोटाखाली आणखी बारीक, काडीसारखे. तिनं अंग उचललं आणि त्यांतले सहा पाय पळाले. मग तिनं एकच हाक दिली आणि तिन्ही पिल्लं जिथल्या तिथे मातीला चिकटली. मी त्यांच्याकडेच बघत होते, तरी ती नाहीशी झाली. काल कवचात होती आणि आज त्यांना लपता येत होतं. गयाबाईंना दाखवायला मी बोट केलं, तर त्या ठिकाणी ढेकळंच होती.

खळग्यात एक अंडं उरलं होतं. गार. ते डालग्याच्या सकाळचं की आणखी कशाचं, कळायला मार्ग नव्हता. गयाबाई त्याच्याकडे बघत उकिडव्या बसल्या.

"तीनच निघाली," त्या म्हणाल्या.

"बेस झालं," ज्ञानोबाकाका म्हणाले. "चौथ्या महिन्याचा पाऊस कुनाला पायजे? सोयाबीन काढनीला येतंय तवा. तिला कळतंय ते."

"तुमच्या जिभंला हाड हाय का?" गयाबाई म्हणाल्या, पण त्यांच्या तोंडावरचा ताण थोडा सैल झाला.

पिल्लं आईमागून बांधावरच्या गवतात गेल्यावर त्यांनी ओच्यात सोयाबीन घेतलं आणि मूठभर मला दिलं. यंत्र उचललेल्या ठिकाणी एक छोटा तुकडा रिकामा राहिला होता. तिथे हातानं टोकण करायची होती. बोटानं भोक पाडायचं, दोन दाणे टाकायचे, माती लोटायची. ओली माती नखांत शिरत होती आणि खाली अजून उन्हाळ्याची ऊब होती. गयाबाई पुढे, मी मागे. त्या गार अंड्याला त्यांनी हात लावला नाही, त्याच्या भोवतीनं दाणे टाकत गेल्या.

टिटवी बांधावरून सारखी ओरडत होती. दर थोड्या वेळानं आमच्या डोक्यावरून झेपावत जायची, इतक्या खालून की पंखांचा वारा लागायचा.

गयाबाईंनी कंबर सरळ केली, मातीचा हात कपाळावर आडवा धरून वर पाहिलं.

"झालं गं बाई, झालं," त्या तिला म्हणाल्या. "एवढी एक वळ ऱ्हायलीय. मंग जातो आमी."